अकरा पैसे

स्टुटगार्टहून व्हिडिओ कॉलवर ती मुलगी
अगदी नीट 'नमस्ते' म्हणाली.
मग सेंटचा कितवासा भाग सांगितला.
मी तो रुपयात उतरवून पाहिला:
एका स्प्रिंगमागे अकरा पैसे.
निंगबोचा भाव तेवढा खाली आलाय, म्हणाली,
आणि मलाही वर कुणीतरी विचारतंच.

अकरा पैसे आता नाणं म्हणून कुठे भेटत नाहीत.
रस्त्यात पडलेले सापडत नाहीत.
पण महिन्याला नऊ लाख नग,
म्हणजे नव्याण्णव हजार,
म्हणजे पाष्टे, दिलशाद,
आणि सुगंधा मढवी पंचवीस तारखेपर्यंत.

रबाळ्याला, पारसिकच्या डोंगराकडे पाठ करून
आमची शेड उभी आहे, पत्र्याची, सत्त्याऐंशी सालची.
शेजारी पूर्वी रंगाची कंपनी होती,
सांडपाण्यावरून आज कुठला रंग चाललाय ते कळायचं.
तिथे आता खिडक्या नसलेली इमारत आहे.
आत जगाची माहिती थंड ठेवतात म्हणे.
रात्रंदिवस घुमते, आणि गेटवर दोन वॉचमन.
दलाल मला दर सोमवारी फोन करतो,
तब्येत विचारतो.

निंगबोचं सँपल कुरिअरने आलं. पाकिटात पाच.
मायक्रोमीटर लावला, काही बोलला नाही.
संध्याकाळी सहाला त्यांची एक, आमची एक
शेजारी शेजारी टेस्टिंगला लावल्या.
सेकंदाला पाच वेळा दाबायचं, सोडायचं.
'चायना है साब,' दिलशाद म्हणाला,
'चले तो चाँद तक.'
पाष्टेने काउंटरजवळ स्टूल ओढलं.
शिफ्ट संपली तरी कुणी डबा उचलला नाही.

खरं सांगतो,
मी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही असं मला वाटायचं.
त्या रात्री मी एका तारेचं चिंतलं.
सत्तर हजार. तुट.
एक लाख. तुट ना.
तीन वाजता एक लाख साठ हजारांवर
दोघी तशाच खालीवर होत होत्या,
जणू एकाच घरी दळायला बसल्यात.
दिलशाद हळूच म्हणाला, 'चली, साब.'

मी मग हिशेबाला बसलो.
तार महागली, कारण लंडनमध्ये निकेल चढलं.
दूर समुद्रात कुणी गोळी झाडली
की न्हावा शेव्याला माझ्या कंटेनरचं भाडं वाढतं.
ह्यातलं काही माझ्या हातात नाही.
माझ्या हातात पॅकिंगची पिशवी,
दुसरा चहा,
आणि तपासणीचा कॅमेरा, चौदा लाखांचा, हप्त्यांवर,
जो सुगंधाबाईंच्या जागी बसेल.

सकाळी आठला त्या आल्या.
त्या स्प्रिंग डोळ्यांनी तपासत नाहीत,
लोखंडी टेबलावर टाकतात आणि ऐकतात.
भट्टीत कच्ची राहिलेली मठ्ठ वाजते.
पाकिटातली निंगबोची एक त्यांनी उचलली,
टाकली. पुन्हा टाकली.
'बरी हाय,' म्हणाल्या.
'कोनीतरी मन लावून केलीय.'

मग माझ्या कागदाकडे बघून, किती पैशांचं हाय?
अकरा, मी म्हटलं.
त्या हसल्या.
'ह्याच जागेचं माझ्या सासऱ्याला किती दिलं व्हतं, सांगू?'
आणि न सांगताच
टेबलाकडे वळल्या.

तिकडे अजून उजाडायचं होतं.
मी ई-मेल उघडला.
'सात' लिहिलं. खोडलं. 'आठ' लिहिलं.
मागे कुणी मशीन बंदच केलं नव्हतं:
दोन लाख एकसष्ट हजार,
दोन्ही शाबूत.