तीस सेकंद शांतता

झाडूच्या दांड्याला माईक बांधलेला
आणि दांड्याच्या या टोकाला मी.
या सिनेमात माझं काम एवढंच,
चौकटीबाहेर राहून ऐकायचं.

कुमासीवर हरमॅटनची धूळ उतरली होती.
ब्रेम्पाँ म्हणाला, बरंच झालं,
धुक्याच्या यंत्राचे पैसे वाचले.
काकाची ट्रोट्रो विकून त्यानं हा सिनेमा काढला:
एक लाचखाऊ सार्जंट, एक हरवलेली बॅग,
दोनशे मीटरचा पाठलाग
(पेट्रोल तेवढंच होतं)
आणि शेवटी पश्चात्ताप.
पश्चात्तापासाठी शुक्रवारची सकाळ राखली होती,
कारण दुपारी कॅमेऱ्याला एका लग्नाला जायचं होतं.

सार्जंटच्या कामाला न्यार्को मिळाला. नट नव्हे.
बावीस वर्षं तेचिमानच्या रस्त्यावर, नाक्यावर
खराखुरा सार्जंट; आता निवृत्त, गुडघे गेलेले.
फुकट करतो म्हणाला.
का, ते आम्हीही विचारलं नाही.
गणवेश शिंप्यानं शिवला, रंग जरा चुकलाच,
तरी पहिल्याच दिवशी
तो रस्त्याकडेला नुसता उभा असताना
यामनं भरलेला एक ट्रक आपणहून थांबला
आणि ड्रायव्हरनं खिडकीतून बंद मूठ पुढे केली.

न्यार्कोचा हात गेला.
न्यार्कोच्या आधी गेला.
तोंडाला कळेपर्यंत ट्रक वळणापार.
हेडफोनमध्ये मला फक्त
कागदाची कुरकुर ऐकू आली.
पाच सेडींची ती नोट त्यानं टोपीच्या अस्तरात खोचली,
आणि त्यानंतर ती टोपी
त्याच्या डोक्यावर कधी नीट बसली नाही.

विधवेच्या कामाला बाजारातून सेरवा आणली, केंके विकणारी.
चाळीस सेडी, दोन वाक्यं:
'दार उघडंच आहे'
आणि 'मी तुला माफ केलं'.

शुक्रवारी न्यार्को गुडघ्यांवर बसला.
बॅग पुढे सरकवली. आत मापात कापलेली वर्तमानपत्रं,
वर ब्रेम्पाँची एकच खरी नोट.
पाठ केलेलं सगळं नीट बोलला.
मग टोपी काढली, अस्तर उसवलं
आणि ती दुसरी, चुरगळलेली, बॅगेवर ठेवली.
हे कागदावर कुठेच नव्हतं.

सेरवानं नोटेकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.
'गुरुवारी तू माझी दोन खोकी उतरवायचास,' ती म्हणाली.
'टोमॅटोची.
वरची नाही. खालची, चांगली.'

'हो.'

मागच्या अंगणात शेळी ओरडली.
ब्रेम्पाँ हवेत हात फिरवत होता: वाक्य, वाक्य!
दांडा धरून माझे खांदे भरून आले.

'ऊठ,' सेरवा म्हणाली, 'गुडघे दुखत असतील.'

कट. ब्रेम्पाँनं कपाळाला हात लावला.
पुन्हा घेऊ म्हणाला; बॅटरीचा लाल दिवा लुकलुकला.
सेरवानं पैसे मोजून घेतले:
'दोन वाक्यांचे ठरले होते.
मी जास्तच बोलले.'

मग मी सवयीनं सगळ्यांना गप्प केलं.
प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते,
ती तीस सेकंद भरून घ्यावी लागते,
पुढे संकलनात सांधे झाकायला.
कुणी हललं नाही.
न्यार्को अजून खालीच.

सिनेमात तुम्हाला सेरवाची पाठ दिसेल
आणि ब्रेम्पाँच्या भाचीच्या आवाजात ऐकू येईल
'मी तुला माफ केलं'.
बाजारात सीडी बऱ्या खपल्या. त्या जागी बायका रडतात म्हणे.

त्या वाक्याखाली मी ती तीस सेकंदं अंथरली आहेत.
आवाज वाढवून ऐका:
एक शेळी, लांबवर कुठेतरी पत्र्यावर हातोडी,
म्हाताऱ्या गुडघ्याचा एक कट्ट,
आणि उठणाऱ्या माणसाला
कोपराखाली कुणीतरी धरतं
तेव्हा कापडाचा होतो तेवढा आवाज.