पाठमोरी

सरांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली
त्या दिवसापासून मी नुसती ओरडत होते.
कळंब, शाळेमागचं मैदान, पहाटे सव्वापाच.
बाराजणींतल्या पाच आलेल्या,
त्यातही मसरतच्या डोळ्यांत झोप.
फक्की संपलेली, म्हणून राखेनं मारलेल्या रेषा.
'चुलीपुढं बसल्यावानी काय बसायलाव गं?
टाचा उचला!'

दैवशाला सहावीतली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान.
माझ्यासारखी वेणीला काळी नाडी बांधायची,
खांबाला हात लावून तोच हात छातीला लावायची.
बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही?

मग एकदा टाकीजवळ ऐकलं.
पाचवीतल्या एकीला ती म्हणत होती,
'अय म्हशे, पळायला मुहूर्त काढून देऊ का तुला?'
शब्द माझे. हेल माझा.
शेवटी पायानं माती उडवायची, तेही माझंच.
मी नळ तसाच सोडून निघाले.
अर्ध्यातून परत आले, बंद केला.

दुसऱ्या दिवशी शिट्टी दप्तरात.
पाचला जाऊन खडे वेचले, एकटीनं.
पंधरा दिवस कुणाला त्याचं काही पडलं नव्हतं.
आई म्हणाली, 'कप्तान झालीस का झाडूवाली?'

भूमला जिल्ह्याचे सामने.
शेवटचं अर्धं मिनिट, मी पळणारीला शिवले,
पोरी नाचायला लागल्या, पंचांची शिट्टी,
आणि माझ्या डाव्या टाचेला तेवढं ठाऊक,
की ती पाटीवर पडली होती.
दैवशाला माझ्याकडं तोंड करून बसलेली.
खरं सांगते, ती नसती तर
मी हात वर केला असता का, माहीत नाही.
एका गुणानं गेलो.

जीपमध्ये कुणी बोललं नाही.
येरमाळ्याला सरांनी भजी घेतली,
माझी पुडी सगळ्यांत शेवटी दिली.
मसरत काचेकडं तोंड करून रडत होती.
तिचं काय चुकलं होतं?

सोमवारी मलाच उशीर झाला.
अंधारात कुणीतरी खडे टाकायलं होतं
बांधापलीकडं. टप्. थांबून, टप्.
मी हाक मारली नाही.
चौकात जाऊन बसले, टाच उचलून.
खो देणारीला बसलेलीचं तोंड दिसत नसतं,
पाठ तेवढी दिसते.
मागून पावलं येत होती,
एकीची की दोघींची,
मोजता येईना.