रात्रपाळी, मेटगुताड

साडेपाचलाच ऊन डोंगराआड जातं इथं.
पॅनेलवरची शेवटची तिरीप
इन्व्हर्टरच्या आकड्यांत उतरत उतरत
शून्य होते,
आणि दिवसभर गुरगुरणारा इलेक्ट्रोलायझर
एकदम गप्प.

झऱ्याचं पाणी फोडलंय आज त्यानं.
प्राणवायू दिला वाऱ्यावर सोडून,
दुसरा, हलका, कोंडून ठेवला
लाल पट्ट्याच्या टाकीत.
मी वहीत लिहिते : सव्वीस बार. गळती नाही.
सही, शमीम आतार.

अनसूयामावशी टाकीकडं पाठ करून बसत नाहीत.
"ज्याला वास नाही, रंग नाही,
पेटला तरी ज्याची ज्योत दिसत नाही
त्याच्या शेजारी डोळा कसा गं लागतो तुझा?"
लागत नाही, मावशी, त्याचाच पगार आहे.
मी छताजवळचा सेन्सर दाखवते, वरची उघडी झडप.
तो सुटला तर वर पळतो, खाली साचत नाही.
"मग आमच्या ह्यांच्यापेक्षा बरा," त्या म्हणतात,
"ते जिथं सांडले तिथंच साचले."

याआधीच्या थंडीत मावशी
ओल्या गवताचे भारे पेटवत बांधाबांधानं फिरायच्या,
धुरानं हिव अडतं म्हणून.
कधी अडायचं.
नाही अडलं त्या सकाळी
स्ट्रॉबेरीची फुलं वरून पांढरीशुभ्र,
डोळे तेवढे आतून काळे.
त्याच सकाळी वेण्णा तलावावर
मफलर गुंडाळलेली माणसं
जेट्टीवरचं हिव नखानं खरवडून
मोबाईलवर पाठवत होती, बर्फ, बर्फ!

दोन वाजून दहा. बाहेर चार अंश.
खटका. मग पंख्याची धाप.
टाकीतला तो बाहेर येतो, हवेला भेटतो,
आणि त्या भेटीची वीज पंपाला,
ऊब वाफ्याखालच्या पाइपांना.
प्लास्टिकच्या छताला आतून घाम फुटतो.
नळीच्या टोकाला थेंब. बादलीत.
थेंब.
झऱ्याचंच पाणी हे, पण आता
इतकं निर्मळ की बेचव.

निवासदादा भिलारे सकाळी हिशेब मांडतात :
उन्हानं दिलं त्यातली तिसऱ्या हिश्श्याची वीज
परत आली. बाकीचं?
काही पाइपांत गेलं, काही कुठं ते कळत नाही.
ते पेन कानावर ठेवतात, पान उलटत नाहीत.

बाकीच्यातलं थोडं मला माहीत आहे.
मागच्या कोपऱ्यात, रिटर्न पाइपच्या वळणावर,
फडक्यात गुंडाळलेला एक डबा असतो मावशींचा.
या थंडीत गावात कुणाकडं दही लागत नाही,
दूध रात्रभर दूधच राहतं, किंवा चिकट होतं.
सहाला त्या झाकण उघडतात,
डबा तिरका करतात,
हलत नाही.

वहीत रकाना नाही त्याला.
तापमानाच्या खाली, बारीक अक्षरात लिहिते :
रिटर्न अडतीस अंश. फुलं ठीक.
दही लागलं.