नऊ हुंकार

ससून डॉक, रात्रीचे पावणेदोन.
मासेमारीची बंदी यायला आठच दिवस,
म्हणून बर्फखान्याच्या सगळ्या खोल्या गच्च.
बाहेर उलटा घातलेला क्रेट, त्यावर लॅपटॉप,
आणि मी, भर मे महिन्यात दोन स्वेटर घालून.

आत, चार नंबरच्या खोलीत,
सुरमईच्या थरांमागे भिंतीला चिकटून
हरभऱ्याच्या डाळीएवढा एक सेन्सर बसलाय.
अकरा बारापासून तो बोलत नाही.

मी हजेरी घेतो.
पत्त्यांचा तक्ता स्क्रीनवर सरकू लागतो,
घरामागून घर, प्रत्येक घरात आडवी रेघ.
सात-सहा? रेघ.
पण रेघ उमटायलाही केवढा वेळ!
हा उशीरच खटकतो मला.
घरात कुणी नसतं तर लगेच कळलं असतं;
इथं कुणीतरी आतून कडी धरून उभं आहे.

ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला.
लिनक्सचा लॉग तेच तेच पुटपुटतो:
वाट पाहिली, वेळ संपली,
वाट पाहिली, वेळ संपली.
जोडणीवर हिरवट मीठ होतं, ते ब्रशने खरवडलं.
रेझिस्टर बदलला. शिवी दिली, तीही बदलून पाहिली.
मग मीटर लावला:
घड्याळाची तार तीन पॉइंट तीन.
डेटाची तार शून्य.

हरेश्वर तांडेल टॉर्च धरून उभे.
वही काखेत, पायात गमबूट.
"मेला काय?"
"मेला नाही. अकरा बाराला दिवे लपकले ना,
माझा बोर्ड तेवढ्यात मेला नि परत उठला.
ह्याला बॅटरी आहे, हा जागाच होता.
आकडा सांगता सांगता मधेच अडकलाय.
पुढचा ठोका आला की पुढचं अक्षर सोडणार,
आणि ठोका देणारा मी
उठलो तो सगळं विसरून."

"मग बॅटरी काढ."
"ती आत आहे. दार उघडायचं?"
"चारला लिलाव हाय. दार नाय."

टॉर्च जरा हलला.
"आमचे बापसाला लकवा झाला ना,
तो पण असाच. 'मला ते' म्हणतो नि थांबतो.
पोरं लगेच, पाणी? चादर? पंखा?
मग तो तोंड मिटून घेतो, दिवसभर.
आवस काय नाय बोलत.
नुसती हुं करते. हुं. हुं.
गोष्ट ऐकताना करतात तशी.
मग येतो शब्द. कधी कधी."

मी घड्याळाची तार ड्रायव्हरच्या हातून काढून घेतली.
साधी पिन केली, वर-खाली होणारी.
काही विचारायचं नाही, पत्ता पुकारायचा नाही,
नुसता ठोका द्यायचा.
हुं.
हुं.
मीटरचा आकडा शून्यावर बसलेला.
हुं.
हरेश्वर वाकले. त्यांच्या जॅकेटला बांगड्याचा वास.
हुं.
पाच.
सहाव्याला डेटाची तार
उठली. तीन पॉइंट तीन.

उरलेले तीनही दिले मी.
गोष्ट संपली म्हणून
ऐकणारा लगेच उठत नाही.

तक्ता पुन्हा सरकला, यावेळी झरझर,
आणि सात-सहाच्या घरात
सात-सहा, स्वतःचं नाव घेऊन हजर.
उणे अठरा दशांश चार.

"मघाशी काय सांगत होता तो?"
"ते गेलं. अर्धा आकडा कुठे साठवत नाही कुणी."
खरंच, माझ्या फाइलमध्ये
अकरा बारा ते दोन चाळीस
एक पांढरं भगदाड आहे.

हरेश्वरांनी वही उघडली.
बॉलपेन थंडीने रुसलेलं, त्याला फुंकर घातली.
वरच्या ओळीत, आधीच लिहिलेलं:
सव्वाअकरा. मोटर बरी बोलते. गार हाय.
खाली त्यांनी माझा आकडा लिहिला,
पण त्याआधी हातमोजा काढून
चार नंबरच्या दारावर तळवा ठेवला,
जरा वेळ,
आणि कुणाला तरी म्हणाले, हुं.