आठची नळी

फॉर्मवर छापलेलं असतं : सकाळी आठ, उपाशीपोटी.
नुगझार आठला पाच कमी असताना आला,
कोपरापर्यंत पीठ, भुवयाही पांढऱ्या,
आणि खुर्चीत बसल्याबसल्या पेंगू लागला.

दंडाला पट्टा आवळला.
भट्टीनं दिलेल्या चट्ट्यांमधून
शीर सापडायला वेळ लागला.
सुईची भीती वाटते का, हे विचारावं लागतं,
भीतीनंही आकडा चढतो.
तो म्हणाला, "त्सिआला, मी रोज
कमरेपर्यंत भट्टीत वाकतो."

कोर्टिसोल पहाटे चढतं, दिवस कलला की उतरतं,
आम्हाला असंच शिकवलंय.
पण हा उठतो रात्री दीडला.
अख्खं तिबिलिसी गाढ झोपेत,
आणि इकडे परातीत कणीक फुगतेय,
तिच्या जोडीनं याचं रक्त जागं होतंय.
मग ही आठची सकाळ नक्की कुणाची?

जाताना त्यानं कागदात गुंडाळलेली शोटी
काउंटरवर ठेवली.
रुग्णांकडून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे.

सेंट्रिफ्यूज घरघरत राहिलं.
लाल खाली बसलं,
वर फिकट पिवळं निवळून आलं,
त्यातच कुठेतरी त्याची रात्र.

संध्याकाळी आकड्यापुढे खाली वळलेला बाण.
मी समासात पेनानं लिहिलं :
रुग्ण दीड वाजता उठलेला.
डॉक्टरांनी समास वाचला की नाही, कोण जाणे;
खाली एवढंच आलं,
पुन्हा तपासणी. सकाळी आठ.

शोटीचं टोक मात्र
मी नऊलाच मोडून खाल्लं होतं.
आतून अजून ऊन होतं.