छाट

केगावच्या लॅबमध्ये पंखा एकच चालतो,
त्याखाली हत्तुरे मॅडम फळ्यावर चौकोन काढतात.
"एक गोष्ट एकाच जागी लिहायची.
दोनदा लिहिली, की कधीतरी दोन्ही वेगळं बोलणार."

आईचं नाव रेशनकार्डावर नरसव्वा,
पासबुकात नरसम्मा,
फंडाच्या पावतीवर नरसाबाई.
अंगठा तिघींचा एकच.
तरी बँकेतल्या बाईंनी विचारलं होतं,
यातली तू कुठली?

नाव चावी होऊ शकत नाही, मॅडम म्हणाल्या.
नंबर द्या. ज्याला काही अर्थ नाही, असा.

प्रोजेक्टला कुणी लायब्ररी घेतली, कुणी दवाखाना,
तबस्सुमनं हुरडा पार्टीचं बुकिंग.
सोलापूर म्हणजे माग, टेबल म्हणजे उभेआडवे धागे,
असं कुणीतरी पहिल्या पानावर लिहिणारच होतं.
लिहू दे.
आमच्या घरात माग नाही, सूप आहे.
मी गल्लीच्या टोकाची बिडीची ब्रँच घेतली.

कामगार. पान-तंबाखू. जमा.
तीन टेबलं, मधे बाण.
रात्री अकराला परकी चावी बसवली
आणि मुद्दाम, जगात नसलेल्या बाईच्या नावावर
पाचशे बिड्या जमा करून पाहिल्या.
मशीन नाही म्हणालं.
मला इतकं बरं वाटलं!
कुणीतरी आधी विचारत होतं,
ही बाई आहे का?

आईला दाखवलं. ती फर्मा ठेवून पानं कापत होती,
मान वर नाही.
हे तुझं नाव. हे आणलेलं पान.
हे जमा, एक हजार.
"हजार कसं? बांधते साडेअकराशे.
चेकर मूठ मूठ बाजूला टाकतो, ती छाट.
अवि एक्कड? कुठायत ती?"

मी स्क्रीनकडे बघत राहिले.
शून्य नव्हतं. नलही नव्हता.
नल म्हणजे निदान खण असतो,
आत काय ते ठाऊक नसतं.
इथे खणच नव्हता.

ब्रँचमध्ये विचारलं, तर कारकून हसला.
छाटेचं कुठं रजिस्टर असतं का, पोरी.

म्हणून चौथं टेबल.
तारीख, कामगार, किती काढल्या, कुणी काढल्या, कारण.
आणि कारणापुढे लिहिलं:
रिकामं चालणार नाही.

पहिली ओळ आईनं सांगितली,
दोरा दातात धरून.
आज एकशे बारा.
"कारण?"
"त्यानं कुठं सांगितलं."
मी खण तसाच सोडला, एंटर दाबलं.

मशीन पुन्हा नाही म्हणालं.

तांबडी अक्षरं तिला वाचता येत नाहीत. विचारलं,
काय म्हणतंय?
म्हटलं, कारण दिल्याशिवाय
घेणार नाही म्हणतंय.

कात्री थांबली.
"उद्या ब्रँचला येतंस का," ती म्हणाली,
"हे घेऊन?"