एकही चूक नाही

टॅलमनचं स्टेशन आता फक्त शनिवार-रविवार उघडतं.
तिकीट चार डॉलर.
आम्ही ते खिडकीतूनच देतो, हौसेनं,
जाड पुठ्ठ्याचं, तारखेचा ठसा मारून.
जायचं कुठंच नसतं.

गाड्या मात्र जातात.
नेब्रास्काचा गहू, वायोमिंगचा कोळसा,
मैल-दीड मैल लांब, न थांबता.
तेव्हा कपाटातले कंदील किणकिणतात,
दारातला चिंध्या भरलेला कंडक्टर
इंच इंच भिंतीकडे वळत जातो
(महिन्यातून एकदा मी त्याचं तोंड पुन्हा लोकांकडे करतो),
बोलणारा वाक्य मध्येच ठेवतो
आणि गाडी गेली की तिथूनच उचलतो.
गावाचीच ही खोड. लग्न लावतानाही पाद्री थांबतो.

तारमास्तरांची खोली विल्मा कोझेलका बघते.
वय चौऱ्याऐंशी, मोजे दोन रंगांचे.
ती पोरांना दाखवते:
हे कडकट्ट यंत्र,
त्याच्यामागे खोचलेला तंबाखूचा रिकामा डबा,
आवाज मोठा व्हावा म्हणून.
हा हिरवट पातळ कागद,
आणि ही लांब काठी, टोकाला वेताचं कडं.
कागद कड्यात खोचायचा,
रुळांना खेटून उभं राहायचं, काठी वर धरायची;
धावत्या इंजिनातून एक हात यायचा,
कडं कोपरात अडकवून न्यायचा.
एक इंजिनाला, दुसरं शेवटच्या डब्यातल्या गार्डाला.
कागद काढून घेतला की ते कडं फेकून द्यायचे
पुढं कुठंतरी गवतात.
"आणायला कोण जायचं?" एक पोर विचारतं.
"जायचं कुणीतरी," विल्मा म्हणते.

भिंतीवर तिच्या वडिलांचा फोटो.
खाली पितळी पट्टी:
एमिल कोझेलका, तारमास्तर.
बत्तीस वर्षं. एकही चूक नाही.
दर शनिवारी ती पट्टी व्हिनेगरनं पुसते.

मागच्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला,
आम्ही दोघं कोट घालून बसलो होतो,
तेव्हा ती यंत्राकडे बघत म्हणाली,
बावन्नच्या जानेवारीत मी दहा वर्षांची होते.
बाबा इथं, या शेगडीपाशी, पडलेले असायचे.
बाटली मी कोळशात पुरायचे.
कडकट्ट मला वाचता यायचं,
अक्षरही त्यांच्यासारखं काढता यायचं.
दुधाच्या खोक्यावर उभी राहायचे,
तरी हात पुरायचा नाही नीट.
इंजिनवाल्यांना माहीत होतं.
ते अंमळ जास्तच वाकायचे.

किती रात्री, मी विचारलं नाही.
पट्टीचं काय करायचं, तेही नाही.
ती म्हणाली, खोटं काय आहे त्यात?
चूक झालीच नाही एकही.

त्यानंतर गेल्या ऑक्टोबरची गोष्ट.
तीन चाळीसची कोळशाची गाडी
पुढच्या फाट्यावर सिग्नल नसल्यानं रेंगाळत येत होती.
मी गल्ला मोजत होतो.
खिडकीतून बघतो तर
फलाटाच्या कडेला विल्मा,
काठी वर, कड्यात कागद,
पाठ अशी ताठ, की मला हाकही मारवेना.
आमचा विमा असलं काही मान्य करत नाही.

पहिलं इंजिन तसंच गेलं.
दुसऱ्याच्या खिडकीतून एक हात आला,
नारिंगी बाहीचा, तरुण,
वेत कसा धरायचा त्याला कुणी शिकवलं असेल?
हात वाकला. अंमळ जास्तच.
काठी रिकामी झाली.

मग एकशेअठरा वाघिणी.
ती मोजत होती, ओठ हलत होते.
शेवटी गार्डाचा डबा नसतो आता,
नुसता एक लुकलुकता लाल दिवा.
त्याच्याकडेही तिनं
सवयीनं दुसरा हात उचलला, मग खाली घेतला.

"काय लिहिलं होतंस?" मी विचारलं.
"ती ऑर्डर तुझ्या नावची नव्हती."

आणि निघाली,
रुळांच्या कडेनं, खडीवरून,
एक मोजा लाल, एक करडा,
पूर्वेकडं, जिथं ते कडं पडलं असेल तिथं.
चार वाजून गेले होते.
मी कुलूप लावलं नाही.